प्लेट शिल्लक, तरी घाटात क्लच स्लिप: फ्री प्लेच्या एका नटाचं प्रकरण

गाडी केबलच्या क्लचची छोटी पेट्रोल हॅचबॅक, ८०० सीसीचं इंजिन, मीटरवर ४७,००० किमी. रोजचं चालणं सातारा शहरात, महिन्यातून दोन-तीन खेपा वाई-पाचगणीला. तक्रार अशी, की पसरणी घाटात तिसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो, पण गाडी वेग घेत नाही. चार माणसं आणि एसी चालू असेल तर पाचगणीत पोचेपर्यंत करपलेल्या बेकेलाइटसारखा वास येतो. सपाट रस्त्यावर मात्र काहीच जाणवत नाही. एका गॅरेजने गाडी चालवून पाहिली आणि सांगितलं, "क्लच सेट गेलाय साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

हे निदान अशक्य कोटीतलं नाही. शहरातल्या हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून चालवण्याने, ४७,००० किमीला प्लेट संपू शकते. पण गिअरबॉक्सला पाना लावण्याआधी फ्री प्लेचं, म्हणजे पेडलच्या मोकळ्या चालीचं, दहा मिनिटांचं एक माप घ्यायचं असतं, ते इथे कोणी घेतलंच नव्हतं. केबल क्लचच्या गाड्यांत हा क्रम वरचेवर दिसतो. इथे तो एकाच गाडीवर, मापांसकट मांडला आहे.

आधी काय झालं होतं

साधारण ७,००० किमीपूर्वी याच गाडीचा रिव्हर्स गिअर खरखरत होता. पेडल पूर्ण दाबूनही गिअर सुखाने पडत नव्हता. क्लच वायर जुनी झाली होती, ती बदलली. तरी थोडी खरखर राहिली, म्हणून वायरच्या टोकाचा ॲडजस्टिंग नट रिव्हर्स गुपचूप पडेपर्यंत आवळला गेला. पेडल हलकासा दाबला तरी क्लच सुटू लागला, मालकाला बरं वाटलं, गाडी गेली.

आवळणाऱ्याचा हात ब्रेकच्या सवयीने चालला. सायकलचा असो की हातब्रेकचा, वायरचा ब्रेक झिजला की मोकळी चाल वाढते, म्हणून वायर ओढून घ्यायची. क्लचमध्ये हे बरोब्बर उलटं आहे. इथे प्लेट झिजली की मोकळी चाल कमी होते. जी वस्तू आपोआप घटत जाणार आहे तीच आधी घटवून ठेवली, की पुढचा हिशोब बिघडणारच.

फट कुठे असते

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. दाब देते ती डायफ्राम स्प्रिंग. या स्प्रिंगच्या मधल्या भागात गोलाकार उभ्या पाकळ्या असतात, त्यांना फिंगर म्हणतात. पेडल दाबलं की वायर गिअरबॉक्सवरचा आर्म ओढते, आतला फोर्क फिरतो आणि रिलीज बेअरिंग फिंगरना इंजिनच्या दिशेने ढकलतं. फिंगर आत गेले की प्रेशर प्लेट मागे सरते आणि क्लच सुटतो.

पाय पेडलवर नसताना बेअरिंग आणि फिंगर यांच्यात थोडी मोकळी फट हवी. केबलच्या क्लचमध्ये हीच ती क्लिअरन्स. पेडलवर आपल्याला जाणवतो तो फ्री प्ले म्हणजे याच फटीचं मोठं झालेलं रूप.

किती मोठं, ते हिशोबाने बघू. पेडलची लीव्हर अंदाजे ५ पट आणि फोर्कची २ पट धरली, तर पेडलवरचे २० मिमी म्हणजे आर्मवर ४ मिमी आणि बेअरिंगपाशी जेमतेम २ मिमी. या प्रकारच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत पेडलचा फ्री प्ले १५ ते २५ मिमीच्या आसपास आणि आर्मवरचा २ ते ४ मिमी सांगितलेला असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा, शेजारच्या गाडीचा घेऊ नये.

आता झीज. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि स्प्रिंग मधल्या टेकूवर झुकून फिंगरची टोकं उलट, बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात. तीही तेवढीच नाही, साधारण ३ ते ४ पट. म्हणजे प्लेट एकूण ०.६ मिमी झिजली की फिंगर २ मिमी बाहेर येतात आणि सगळी फट संपते. अशा प्लेटवर नवेपणी रिव्हेटचं डोकं लायनिंगच्या, म्हणजे प्लेटवरच्या घासणाऱ्या अस्तराच्या, पृष्ठभागापासून साधारण १.२ मिमी आत असतं आणि ०.५ मिमीवर आलं की प्लेट बदलायची. दोन्ही बाजू धरल्या तर झिजायला एकूण १.४ मिमी मिळतात. त्यातले ०.६ गेले की फट शून्य. प्लेटचं आयुष्य अजून निम्म्यावरही आलेलं नसतं!

म्हणून केबल क्लचचा नट प्लेटच्या आयुष्यात दोन-तीनदा *ढिला* करावाच लागतो. हे न केल्यामुळे निकामी ठरवलेल्या प्लेटांची संख्या लहान नसावी.

या गाडीत तर वायर बदलताना पेडलवर फक्त ५ मिमी मोकळे सोडले होते. बेअरिंगपाशी ते भरतात अर्धा मिमी. तो अर्धा मिमी खायला प्लेटची झीज लागते ०.१४ मिमी, म्हणजे वहीच्या कागदापेक्षा जराशी जास्त. ७,००० किमीच्या शहर आणि घाटाच्या चालण्यात एवढी झीज सहज होते.

फट संपल्यावर स्लिप का होतं

फट संपली तरी झीज थांबत नाही. फिंगरना आणखी बाहेर यायचं असतं, पण बेअरिंग वाटेत उभं असतं आणि त्याला वायरने मागून धरून ठेवलेलं असतं. परिणाम एकच: क्लच कायम थोडासा दाबलेला. प्रेशर प्लेटच्या दाबाचा काही भाग बेअरिंगवर जातो, प्लेटला तेवढा कमी मिळतो. सपाट रस्त्यावर उरलेला दाब पुरतो. घाटात तिसऱ्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) शिखरावर जातो, चाकं भाराने अडलेली असतात आणि प्लेट घसरते. पहिल्या गिअरवर हेच क्वचित दिसतं, कारण टॉर्क वाढायच्या आत गाडीच पुढे पळालेली असते.

घसरलं की तापतं, तापलं की झिजतं, झिजलं की फिंगर आणखी बेअरिंगवर रेटतात आणि दाब आणखी घटतो. एकदा सुरू झालेलं स्लिप आठवड्यांत बळावतं ते यामुळे. तो बेकेलाइटसारखा वासही उगाच नाही. लायनिंग बांधायला वापरतात ती फिनॉलिक राळ बेकेलाइटच्याच कुळातली.

इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. डायफ्राम स्प्रिंगचा स्वभाव असा, की प्लेट थोडी झिजल्यावर तिचा दाब सुरुवातीला किंचित *वाढतो*, मग शेवटाकडे उतरतो. त्यामुळे तेलाचा डाग नाही, प्लेट अर्ध्या वयात आहे आणि तरी क्लच घसरतोय, असं असेल तर पहिला संशय फटीवरच घ्यावा.

माप

इंजिन बंद. क्लच पेडलची उंची ब्रेक पेडलच्या पातळीत आहे ना, हे आधी पाहिलं. होती. मग स्टीलची पट्टी फ्लोअरवर उभी टेकवून पेडल *बोटाने* दाबलं. पायाने हे माप कधीच नीट येत नाही, पायाला हलका आणि जड यातला फरक कळत नाही. बोटाला दोन टप्पे स्पष्ट लागतात. आधी रिटर्न स्प्रिंगचा मऊ विरोध, मग बेअरिंग फिंगरला टेकल्यावर एकदम घट्ट भिंत. त्या दोहोंमधलं अंतर म्हणजे फ्री प्ले.

या गाडीत मऊ टप्पा नव्हताच. बोट ठेवलं तिथूनच भिंत. बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरचा आर्म हाताने हलवून पाहिला, तोही ताठ. आर्मवर ४ मिमी हवेत तिथे शून्य. दोन जागी तपासायचं कारण असं, की पेडलच्या पिनची भोकं झिजलेली असली तर पेडलवर खोटा फ्री प्ले दिसतो आणि बेअरिंग तर टेकलेलंच असतं. आर्म खोटं बोलत नाही.

मग स्लिपची परीक्षा. इंजिन गरम, मोकळी जागा, समोर कोणी नाही, चाकांना ठोकळे, हातब्रेक पक्का. चौथा गिअर टाकून अंदाजे २,००० आरपीएमवर क्लच नेहमीच्या गतीने सोडायचा. टॅकोमीटर नसेल तर आवाजावरून अंदाज घ्यायचा. निरोगी क्लच इंजिनला एक-दोन सेकंदांत बंद पाडतो. इथे इंजिन दबलं, कण्हलं आणि चालतच राहिलं. लगेच पेडल दाबून थांबवलं. ही परीक्षा एकदाच करायची. खात्रीसाठी तीनदा करणारा माणूस प्लेट स्वतःच जाळतो.

बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) खालच्या कडेला तेल ओघळलेलं नव्हतं, म्हणजे क्रँकचं मागचं ऑइल सील निर्दोष. तेल प्लेटवर गेलं असतं तर नटाशी खेळून काही साधलं नसतं.

नट

गाडी अर्धा तास थंड होऊ दिली. वायरच्या आटे असलेल्या टोकावर खूण केली आणि नट ढिला करायला घेतला. पहिल्या दीड फेऱ्यांत काहीच घडलं नाही, आर्म ताठच. ही दीड फेरी म्हणजे क्लच किती दाबलेला होता त्याचं प्रत्यक्ष माप. आट्यांचा पिच (एका फेरीत नट सरकतो ते अंतर) १ मिमी धरला, तर आर्मवर १.५ मिमी, म्हणजे फिंगर पाऊण मिमी सतत आत ढकललेले. त्यानंतर आर्म बोटाने हलू लागला. आणखी चार फेऱ्यांनी आर्मवर ४ मिमी आले. पेडलवर पट्टी लावली: २१ मिमी. पेडल दहा वेळा तळापर्यंत दाबलं म्हणजे वायरचं बाहेरचं कव्हर आपल्या खोबणीत बसतं, आणि पुन्हा मोजलं: २२. अर्ध्या फेरीहून थोडं कमी आवळून २० वर आणलं.

तशीच परीक्षा पुन्हा घेतली. चौथा गिअर, क्लच सोडला, इंजिन झटक्यात बंद. गिअरबॉक्स जागेवरच होता.

रिव्हर्स पुन्हा खरखरला

आणि हाच या प्रकरणातला खरा अडकलेला धागा. फ्री प्ले योग्य झाल्याबरोबर जुनी तक्रार परत आली. आयडलिंगवर पेडल तळापर्यंत दाबून तीन-चार सेकंद थांबून रिव्हर्स टाकला, तर खरखर. थांबायचं कारण हे, की अशा गाड्यांत रिव्हर्सला बहुधा सिंक्रोनायझर (गिअरांचा वेग जुळवणारी रिंग) नसतो, इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लच प्लेट ज्यावर बसते तो गिअरबॉक्सचा दांडा, फिरायचा थांबायला तेवढा वेळ लागतो. वेळ देऊनही खरखरत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, असा अर्थ.

इथे मोह होतो तो नट पुन्हा आवळायचा. मागच्या वेळी तेच झालं होतं. त्याऐवजी पेडलची एकूण चाल मोजली: वरच्या टोकापासून खाली टेकेपर्यंत ११८ मिमी. मग चालकाच्या पायाखालची जाड रबरी मॅट आणि तिच्याखाली दुमडलेला कार्पेटचा तुकडा काढला. पुन्हा मोजली: १३४ मिमी. सोळा मिमी चाल मॅटखाली दडलेली होती! मॅट काढल्यावर रिव्हर्स आवाज न करता पडला.

म्हणजे दोष कधीच वायरच्या लांबीत नव्हता. पेडल तळाला पोचत नव्हतं म्हणून क्लच सुटत नव्हता, ती कसर वरून फट खाऊन भरली गेली. क्लच न सुटण्याची कारणं शोधताना नट सगळ्यात शेवटी धरावा. आधी मॅट, मग पेडल ब्रॅकेट आणि फायरवॉल दाबाखाली वाकते का, वायरच्या तारा तुटल्यात का, तिचा वळणाचा मार्ग बदललाय का, आर्मचा बुश झिजलाय का. फ्री प्ले प्रमाणाबाहेर जास्त निघाला, तरच नट आवळायचा. फार जास्त फ्री प्लेही वाईटच. क्लच अर्धवट सुटतो, गिअर खरखरतात आणि सिंक्रोनायझरच्या रिंगा झिजतात.

चालकाला डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय होती. फट शून्य असताना पायाचं ते ओझं थेट फिंगरवर जात होतं, म्हणून घाटात वळणावळणाला स्लिप वाढायचं.

हायड्रॉलिक क्लचवाल्यांसाठी थोडं

हे सगळं केबलच्या, हाताने ॲडजस्ट होणाऱ्या क्लचचं आहे. हायड्रॉलिक क्लचमध्ये सहसा बेअरिंग फिंगरना हलकं टेकलेलंच असतं आणि झीज तेलाच्या हालचालीत आपोआप भरून निघते. तिथे पेडलवरचा थोडासा फ्री प्ले हा पुशरॉड आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनमधला असतो. तो शून्य केला, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, तापलेल्या तेलाचा दाब अडकतो आणि हायड्रॉलिक क्लचही घसरू लागतो. काही केबल क्लचना स्वतः समायोजन करणारी दातेरी यंत्रणा असते, तिथे नट शोधत बसू नये.

पुढचे ११,००० किमी

पहिले दोनशे किमी गाडी घाट टाळून, हलक्या पायाने चालवली, तापून गुळगुळीत झालेला लायनिंगचा पृष्ठभाग पुन्हा बसावा म्हणून. ५०० किमीला फ्री प्ले १८ मिमी, १,००० ला १८. पसरणी घाट चार माणसांसकट तिसऱ्यावर चढली, वास नाही.

एक गोष्ट मात्र दुरुस्त होण्यापलीकडे गेली होती. पेडल दाबलं की घर्रर असा कोरडा आवाज. फट असलेल्या गाडीत रिलीज बेअरिंग फक्त पेडल दाबल्यावर फिरतं. या गाडीत ते कित्येक हजार किमी, इंजिन चालू असेल तेवढा वेळ, भाराखाली फिरत राहिलं होतं. आवाजावरून बेअरिंग ओळखायचा नेहमीचा नियम असा: पेडल दाबल्यावर आवाज आला तर रिलीज बेअरिंग, न्यूट्रलला पेडल सोडल्यावर येऊन दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. फट शून्य असेल तर हा नियम फसतो, कारण पेडल सोडलेलं असतानाही दोन्ही बेअरिंगं फिरत असतात. म्हणून आधी फट लावायची, मग कान लावायचा.

५८,००० किमीला आवाज वाढला आणि गिअरबॉक्स उतरवला. आतली धूळ हवेच्या झोताने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. फिंगरच्या टोकांवर बेअरिंगने घासून केलेलं चकचकीत कडं, फ्लायव्हीलवर तीन-चार निळसर डाग पण तडा नाही. व्हर्नियरच्या डेप्थ बारने रिव्हेटची खोली मोजली: एका बाजूला ०.८, दुसऱ्या बाजूला ०.९ मिमी. मर्यादा ०.५. अकरा हजार किमीपूर्वी "गेलेली" प्लेट अजूनही चालण्याजोगी होती.

तरीही प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही बदलली. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदा दिल्यावर जुनी प्लेट परत बसवणं शहाणपणाचं नाही. प्लेटची डॅम्पर स्प्रिंगांची फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे, सेंटरिंग टूलने मध्य जुळवून, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळत. स्प्लाइनला (प्लेट सरकते त्या शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस फक्त बोटाने पुसून घेतल्याएवढं. जास्तीचं फिरताना उडून लायनिंगवर जातं.

नवीन सेट बसल्यावर नट गिअरबॉक्स उतरवण्याआधीच्या जागेवर ठेवून पेडलचा फ्री प्ले मोजला: ४२ मिमी, आणि रिव्हर्स खरखरला. दुकानातून आलेला सेट इथेच अनेकदा सदोष म्हणून परत जातो. प्रत्यक्षात नवी प्लेट जुनीपेक्षा ०.७ मिमी जाड, त्यामुळे फिंगर जवळपास अडीच मिमी आत गेले आणि फट वाढली. या वेळी नट आवळायचाच होता. साधारण साडेचार फेऱ्यांनी आर्मवर ४ मिमी, पेडलवर २० मिमी आले. सर्व्हिस बुकात तारीख, किमी, पेडल २०, आर्म ४, एकूण चाल १३४ असं लिहून, पुढचं माप १,००० किमीला घ्यायची नोंद केली. कार्पेटचा तुकडा मालकाने डिकीत टाकला, मॅट पातळ घेतली.